परदेशी चित्रपटातला अमेरिकन माणूस खोटा का वाटतो?

एका तरुण मराठी दिग्दर्शकाचा प्रश्न असा आहे. त्याच्या पटकथेत किनाऱ्यालगतच्या जमिनीची पाहणी करण्यासाठी कोकणातल्या एका गावात आलेला अमेरिकन अभियंता आहे. पटकथा वाचणाऱ्या सगळ्यांना गावातली माणसे खरी वाटतात आणि हा अमेरिकन मात्र खोटा वाटतो. अमेरिकेबाहेर तयार झालेल्या चित्रपटांत असे वारंवार का होते, ज्यांना हे साधले त्यांनी नेमके काय केले, आणि मराठी चित्रपटाच्या खर्चात त्यातले काय जमण्यासारखे आहे, असे त्याने विचारले आहे.

पटकथा-सल्लागार आणि संवादलेखक म्हणून या अडचणीशी माझा अनेकदा संबंध आला आहे. माझ्या मते दोष बहुतेक वेळा नटाचा किंवा त्याच्या उच्चारांचा नसतो, तो लिहिण्यातच असतो. गावातल्या प्रत्येक पात्राला लेखकाने काहीतरी काम दिलेले असते. कुणाची होडी असते, कुणाची कलमे असतात, कुणाचा वाटणीचा दावा कोर्टात पडून असतो. अमेरिकन पात्राला मात्र अमेरिकेचा प्रतिनिधी असण्यापलीकडे काही काम नसते, आणि ज्याला काम नाही तो माणूस पडद्यावर उभाच राहू शकत नाही. दुसरा दोष भाषेचा. त्याचे संवाद लेखकाच्या मनात मराठीत (किंवा कोरियनमध्ये, इटालियनमध्ये) जन्मतात आणि चित्रीकरणाच्या आदल्या आठवड्यात कुणीतरी त्यांना इंग्रजीचा अंगरखा घालते. ‘स्क्विड गेम’ या कोरियन मालिकेतल्या मुखवटेधारी श्रीमंत पाहुण्यांचे इंग्रजी संवाद ताठर वाटतात अशी टीका २०२१ साली जगभर झाली. एरवी इतक्या कसोशीने घडवलेल्या मालिकेत तेवढाच भाग उघडा पडला, कारण तिथे हे दोन्ही दोष एकत्र आले होते: त्या पाहुण्यांना श्रीमंत असण्यापलीकडे काम नव्हते आणि त्यांची वाक्ये बोलल्यासारखी नव्हती.

ज्यांना हे साधले त्यांच्यापैकी सर्वांत आधी मी १९४४ सालचा ‘अ कँटरबरी टेल’ हा ब्रिटिश चित्रपट पाहायला सांगेन. मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर या जोडीने तो युद्ध चालू असताना केला. बॉब जॉन्सन नावाचा अमेरिकन सार्जंट कँटरबरीला जाताना रात्रीच्या काळोखात चुकून एक स्टेशन आधी उतरतो आणि केंट परगण्यातल्या एका खेड्यात अडकतो. ही भूमिका करणारा जॉन स्वीट व्यावसायिक नट नव्हता, तो खरोखरच अमेरिकन सैन्यातला सार्जंट होता. त्याच्या चालण्याबोलण्यातला किंचित अवघडलेपणा परक्या देशात आलेल्या सैनिकाला शोभून दिसतो. तरीही या निवडीपेक्षा मला त्यातला सुताराचा प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटतो. बॉब गाड्यांची चाके करणाऱ्या गावच्या वृद्ध सुताराकडे जातो आणि दोघांत लाकडावर बोलणे सुरू होते: झाड कोणत्या ऋतूत तोडावे, ओंडके किती वर्षे मुरू द्यावेत, घाई केल्यावर काय बिघडते. बॉबचे घराणे ओरेगनमधल्या लाकूडकामातले असते, त्यामुळे समुद्रापलीकडून आलेल्या या परक्याला सुताराचे सगळे बोलणे कळते. त्याच सुताराच्या दारात उभ्या असलेल्या, लंडनहून आलेल्या इंग्रज तरुणीला मात्र ते कळत नाही. सुतार त्याला जेवायला बोलावतो. संपूर्ण चित्रपटात मैत्रीवर एकही भाषण न देता दोन देशांची ओळख करून देण्याचे काम या एका प्रसंगाने केले आहे, आणि ते शक्य झाले याचे कारण लेखकाने बॉबला लाकडाचे ज्ञान दिले होते.

हा चित्रपट निघाला तेव्हा इंग्लंडमध्ये अमेरिकन सैनिकांची मोठी वर्दळ होती आणि त्यांच्याविषयी स्थानिकांच्या मनात कुरबुरही होती, हे लक्षात घेतले म्हणजे ही निवड किती विचारपूर्वक केली होती ते कळते. बॉबला चहाची कटकट वाटते, त्याच्या प्रेयसीची पत्रे येत नाहीत म्हणून तो खिन्न असतो, तो कधी उद्धटही वागतो. लेखकांनी त्याला गोड केलेले नाही.

दोन वर्षांनी इटलीत रोबेर्तो रोस्सेलिनी यांनी ‘पाइसा’ केला, आणि या विषयावर माझ्या माहितीत त्याच्या तोडीचा दुसरा चित्रपट नाही. सिसिलीपासून पो नदीच्या मुखापर्यंत दोस्त सैन्य जसजसे उत्तरेकडे सरकते तसतशा सहा स्वतंत्र कथा घडतात आणि प्रत्येक कथेत इटालियन आणि अमेरिकन माणसे समोरासमोर येतात. पहिल्या कथेत जो नावाच्या सैनिकाला कार्मेला या सिसिलियन मुलीबरोबर किनाऱ्यावरच्या एका पडीक बुरुजात थांबावे लागते. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. तो आपल्या घरच्यांचा फोटो दाखवायला लायटर पेटवतो, आणि त्या ज्योतीच्या रोखाने दूरवरचा जर्मन सैनिक त्याला गोळी घालतो. कार्मेला त्याची बंदूक घेऊन जर्मनांवर गोळी झाडते आणि त्यांच्या हातून मरते, आणि परत आलेले अमेरिकन सैनिक तिनेच जोला मारले असे समजून तिला शिव्या घालतात. प्रेक्षकाला सगळे माहीत असते आणि पात्रांना काहीच माहीत नसते. परक्या माणसांमधल्या गैरसमजाची याहून कठोर मांडणी मी पाहिलेली नाही.

दुसरी कथा नेपल्सची आहे. तिथे दारू प्यायलेला एक कृष्णवर्णीय अमेरिकन लष्करी पोलीस पास्क्वाले नावाच्या अनाथ पोराच्या हाती सापडतो. दगडमातीच्या ढिगावर बसून तो आधी आपल्या विजयी स्वागताची, मिरवणुकीची स्वप्ने रंगवतो आणि मग घरी परत जायची इच्छा नाही असे सांगू लागतो, कारण त्याचे घर म्हणजे एक मोडकी झोपडी आहे. झोपू नकोस, झोपलास तर मी तुझे बूट चोरीन, असे पोरगा त्याला बजावतो. तो झोपतो आणि बूट जातात. काही दिवसांनी शुद्धीवर असलेला तोच पोलीस त्या पोराला पकडतो, बूट परत मिळवण्यासाठी त्याच्या घरी जातो, आणि बॉम्बहल्ल्यांत बेघर झालेली शेकडो माणसे जिथे राहतात अशा गुहेसमोर येऊन उभा राहतो. तुझे आईबाप कुठे आहेत या प्रश्नाला पोराचे उत्तर बॉम्ब हेच असते. बूट तिथेच टाकून तो जीपमधून निघून जातो. जेत्या सैन्याचा गणवेश अंगावर असलेला हा माणूस आपल्या देशात पायदळी तुडवला गेलेला आहे, हे त्या ढिगावरच्या बोलण्यातून आपल्याला आधीच कळलेले असल्यामुळे गुहेपुढची त्याची स्तब्धता एवढी बोलते. अमेरिकन म्हणजे श्रीमंत आणि बलवान हे समीकरण १९४६ साली, हरलेल्या देशातल्या एका दिग्दर्शकाने मोडले होते, याबद्दल मला आजही मनापासून आदर वाटतो.

रोस्सेलिनींना हे कसे साधले हे व्यवसायाच्या दृष्टीने समजून घेण्यासारखे आहे. कथालेखनात सर्जो आमिदेई आणि फेदेरिको फेल्लिनी यांच्याबरोबर आल्फ्रेड हेझ आणि क्लाउस मान हेही होते, आणि हे दोघे अमेरिकन सैन्यात राहून इटलीत आलेले लेखक होते. रॉड गायगर या अमेरिकन सैनिकाने रोस्सेलिनींचा आधीचा चित्रपट अमेरिकेत पोहोचवला होता. पुढे ‘पाइसा’च्या निर्मितीत तो भागीदार झाला आणि अमेरिकेतून नट घेऊन आला. म्हणजे पात्रांची भाषा जिवंतपणी ऐकलेली माणसे लेखनाच्या टेबलावर बसली होती. त्याहून धाडसाची गोष्ट अशी की, सर्व संवाद नंतर इटालियनमध्ये डब करण्याची इटलीतली सर्वमान्य पद्धत इथे बाजूला ठेवली गेली. अमेरिकन इंग्रजीत बोलतात, जर्मन जर्मनमध्ये, आणि इटालियन माणसे आपापल्या प्रदेशाच्या बोलीत.

भाषा तशीच ठेवण्याचा हा निर्णय किती निर्णायक असतो ते ‘द थर्ड मॅन’वरून कळते. १९४९ च्या या ब्रिटिश चित्रपटात स्वस्तातल्या काउबॉय कादंबऱ्या लिहिणारा होली मार्टिन्स हा अमेरिकन लेखक युद्धोत्तर व्हिएन्नात येतो, आणि ग्रॅहम ग्रीन यांच्या मूळ कथेत इंग्रज असलेले हे पात्र पडद्यावर येताना अमेरिकन झाले. दिग्दर्शक कॅरल रीड यांनी व्हिएन्नातल्या लोकांचे जर्मन बोलणे उपशीर्षकांशिवाय सोडून दिले. घरमालकीण तावातावाने काय ओरडते आहे, रस्त्यावर जमलेला जमाव मार्टिन्सकडे बोट दाखवून काय म्हणतो आहे, हे त्याला कळत नाही आणि जर्मन न येणाऱ्या प्रेक्षकालाही कळत नाही. आपल्या कादंबऱ्यांतल्यासारखा न्याय इथेही करता येईल असे त्याला वाटत असते, आणि भेसळयुक्त पेनिसिलिनने बळी गेलेल्या मुलांच्या शहरात त्याची ती समजूत चुराडा होऊन पडते. त्याचे अमेरिकनपण त्याच्या धंद्यातून आणि अज्ञानातून आलेले आहे.

फ्रेंच चित्रपटांचा उल्लेख थोडक्यात करतो, कारण त्यांची उदाहरणे बहुतेकांना ठाऊक असतात. ज्याँ-लूक गोदार यांच्या १९६० च्या ‘ब्रेथलेस’मधली जीन सीबर्गने साकारलेली पॅट्रिशिया पॅरिसच्या शाँझेलिझेवर न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यूनचे अंक विकते, तिचे काम पहिल्याच भेटीत आपल्याला दिसते, आणि तिचे अमेरिकन वळणाचे फ्रेंच गोदारांनी लपवले नाही. जाक ताती यांनी १९६७ च्या ‘प्लेटाइम’मधले इंग्रजी संवाद लिहिण्यासाठी आर्ट बुकवाल्ड या अमेरिकन विनोदी स्तंभलेखकाला घेतले, ज्याने पॅरिसमध्ये राहून अनेक वर्षे लेखन केले होते. गोदारांच्याच १९६३ च्या ‘कंटेम्प्ट’मध्ये जॅक पॅलन्सने रंगवलेला अमेरिकन निर्माता इंग्रजीच बोलतो आणि एक दुभाषी तरुणी त्याचे बोलणे इतरांपर्यंत पोहोचवते. इटलीतल्या आवृत्तीत सर्वांना इटालियन बोलायला लावण्यात आले, त्यामुळे दुभाषी मुलीला करण्यासारखे काही उरलेच नाही, आणि गोदारांनी त्या आवृत्तीवरून आपले नाव काढून घेतले. डबिंग म्हणजे केवळ तांत्रिक सोय आहे असे मानणाऱ्या निर्मात्यांना मी हे उदाहरण नेहमी सांगतो.

राजकीय चित्रपटांत प्रश्न अधिक कठीण होतो, कारण तिथे अमेरिकन माणूस खरोखरच एका सत्तेचा माणूस म्हणून आलेला असतो. सोव्हिएत चित्रपटाने ही जबाबदारी फार लवकर अंगावर घेतली. लेव्ह कुलेशोव्ह यांच्या १९२४ च्या विनोदी चित्रपटातले मिस्टर वेस्ट हे अमेरिकन गृहस्थ बोल्शेविकांविषयीच्या भीतिदायक कल्पना डोक्यात घेऊन मॉस्कोत येतात आणि त्याच कल्पनांचा फायदा घेऊन तिथले भामटे त्यांना लुबाडतात. १९३६ च्या ‘सर्कस’मध्ये कृष्णवर्णीय बापापासून झालेल्या मुलामुळे अमेरिकेतून पळावे लागलेली एक कलावती मॉस्कोत येते. हा चित्रपट उघड प्रचाराचा आहे आणि त्याच काळात त्या देशात स्टालिनची दडपशाही चालली होती हे आपल्याला माहीत आहे. पण मुलाला जपणारी आई म्हणून ती बाई खरी वाटते, कारण तिला गमावण्यासारखे काही आहे.

याबाबतीत मला सर्वांत जास्त शिकवले ते कोस्ता-गाव्रास यांच्या १९७२ च्या ‘स्टेट ऑफ सीज’ने. १९७० साली उरुग्वेमध्ये बंडखोरांनी अपहरण करून मारलेल्या एका अमेरिकन सल्लागाराच्या हकिकतीवर तो आधारलेला आहे. मुख्य अमेरिकन पात्र इव्ह मोंताँ या फ्रेंच नटाने केले आहे आणि तो फ्रेंचच बोलतो. वर मी भाषेविषयी जे आग्रहाने लिहिले त्याच्या हे विरुद्ध जाते, आणि तरीही हे पात्र पटते. का, तर त्या माणसाचे कार्यालय, हुद्दा, कागदपत्रे आणि त्याने प्रशिक्षण दिलेले पोलीस हे सारे इतक्या बारकाईने समोर मांडले आहे की उच्चारांकडे आपले लक्षच जात नाही. म्हणून निवड करायचीच वेळ आली तर मी भाषेच्या आधी कामाची बाजू घेईन. कोरियन दिग्दर्शक बाँग जून-हो यांनी ‘द होस्ट’ या राक्षसपटाच्या पहिल्या प्रसंगात नेमके हेच केले आहे: सोलमधल्या अमेरिकन लष्करी तळावरचा वरिष्ठ डॉक्टर, बाटल्यांवर धूळ साचली आहे म्हणून, फॉर्मल्डिहाइड मोरीत ओतायला आपल्या कोरियन सहाय्यकाला सांगतो. ही घटना २००० साली खरोखर घडलेल्या प्रकारावर बेतली आहे. डॉक्टर काही मिनिटेच दिसतो, पण धुळीचा त्याला आलेला कंटाळा आणि हाताखालच्या माणसाशी बोलण्याची त्याची रीत एवढ्यावरून तो कायम लक्षात राहतो. त्याच चित्रपटात राक्षसापासून लोकांना वाचवायला धावणारा एक अमेरिकन सैनिकही आहे, हे टीकाकार सहसा विसरतात.

आता आपल्याकडे वळू. मुंबईत गोऱ्या माणसाची गरज पडली की कुलाब्यात फिरणाऱ्या पर्यटकांना गाठायचे ही जुनी पद्धत आहे. मग रशियन किंवा जर्मन तरुण पडद्यावर अमेरिकन होतात. गर्दीच्या दृश्याला ते चालून जाते, बोलणाऱ्या पात्राला अजिबात चालत नाही, शिवाय पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला काम देणे नियमात बसत नाही. टॉम ऑल्टर यांचे उदाहरण मला नेहमी अस्वस्थ करते. अमेरिकन मिशनरी आईवडिलांच्या पोटी १९५० साली मसुरीत जन्मलेला, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अभिनय शिकलेला, उर्दूवर जीव टाकणारा हा नट होता. आणि आपल्या चित्रपटसृष्टीने त्याला पुन्हा पुन्हा इंग्रज अधिकाऱ्याचा गणवेशच चढवला.

याउलट ‘इंग्लिश विंग्लिश’मधला कॉफीच्या दुकानातला प्रसंग पाहा. पुण्यात वाढलेल्या गौरी शिंदे यांच्या या २०१२ च्या चित्रपटात न्यूयॉर्कला आलेली शशी गोडबोले कॉफी मागते, आणि काउंटरवरची बाई तिच्यावर प्रश्नांमागून प्रश्न फेकते. त्या बाईच्या मनात भारताविषयी काही नाही. तिच्यापुढे रांग आहे, आणि समोरच्या गिऱ्हाइकामुळे तिचा वेळ जातो आहे. तिचा तुटकपणा कामाच्या घाईतून आलेला असल्यामुळे शशीचा अपमान खरा होतो. वंशद्वेष्टी म्हणून तिला रंगवले असते तर प्रेक्षक तिच्यावर चिडून मोकळा झाला असता आणि शशीची लाज त्याच्यापर्यंत पोहोचलीच नसती.

मराठी लेखकाला अमेरिकन माणूस दूर जाऊन शोधण्याची गरज नाही, हेही मला इथे सांगायचे आहे. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि पुढे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, त्यांचे मोठे केंद्र झाले. तिथे मुलींच्या शाळा चालवणाऱ्या सिंथिया फरार यांच्या कामाने जोतीराव फुले प्रभावित झाले होते. मिनियापोलिसमध्ये जन्मलेल्या समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या झाल्या आणि कष्टकऱ्यांच्या चळवळीत आयुष्यभर राहिल्या. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणमध्ये मुलांना मराठी वाचायला-लिहायला शिकवण्याचे मोठे काम उभे केले. या तिघींना महाराष्ट्राने ओळखले ते त्यांच्या कामावरून. या माणसांचे लेखन वाचा, त्यांच्या आसपासच्या लोकांशी बोला. हॉलिवूडचे दहा चित्रपट पाहून मिळणार नाही असे द्रव्य तिथे आहे.

तुमच्या पटकथेला सर्वांत जवळचा चित्रपट म्हणजे बिल फोर्सिथ यांचा १९८३ चा ‘लोकल हीरो’. ह्यूस्टनची तेल कंपनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे एक गाव विकत घ्यायला मॅकइन्टायर नावाच्या अधिकाऱ्याला पाठवते. आडनाव स्कॉटिश वाटते म्हणून त्याची निवड होते, मुळात त्याचे घराणे हंगेरीतून आलेले असते. गावकरी विरोध करतील अशी आपली अपेक्षा असते, पण ते विकायला उत्सुक असतात आणि किंमत वाढावी म्हणून तसे दाखवत नाहीत. गावाचा मोह पडतो तो विकत घ्यायला आलेल्याला. कोकणातल्या जमिनीच्या व्यवहारांची ज्यांना माहिती आहे त्यांना हे गावकरी मुळीच परके वाटणार नाहीत.

तुमच्या अभियंत्याविषयी मी आधी एवढेच विचारेन की, त्याला नेमके काय मोजायचे आहे, त्याचा अहवाल कोण वाचणार आहे, आणि अहवाल उशिरा गेला तर त्याचे काय नुकसान होईल. ओहोटीची वेळ, किनाऱ्याची धूप, विहिरींतले खारे पाणी यांपैकी त्याला खरोखर कळते असे काहीतरी असू द्या, म्हणजे ज्याची होडी आहे त्या माणसाशी त्याला बोलण्याजोगे काही मिळेल. त्याचे संवाद मराठीत लिहूच नका. प्रसंगात काय घडते एवढे लिहा, आणि ते संवाद अमेरिकेत वाढलेल्या, शक्य असेल तर त्याच व्यवसायातल्या माणसाकडून बोलून घ्या. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांची तिथेच वाढलेली मुले या कामाला उत्तम, कारण त्यांना दोन्ही बाजू ऐकू येतात. त्यांना मानधन द्या आणि श्रेयनामावलीत नाव द्या. नट मिळाल्यावर त्याला संपूर्ण पटकथा द्या, फक्त त्याची पाने नकोत, आणि एखादे वाक्य आपण असे बोलणार नाही असे तो म्हणाला तर त्याचे ऐका.

ग्रामसभेच्या प्रसंगात सध्या तुम्ही त्याला अस्खलित हिंदीत बोलायला लावले आहे, ते काढा. त्याच्या शेजारी गावातला डिप्लोमा केलेला मुलगा दुभाषी म्हणून बसवा आणि त्याला स्वतःचा हेतू द्या: त्याला प्रकल्पात नोकरी हवी आहे, आणि त्याच्या चुलत्याची जमीन जाणार आहे. अमेरिकन जे चार वाक्यांत सांगेल ते हा मुलगा दोन वाक्यांत आटोपेल, आणि काय गाळले हे इंग्रजी समजणाऱ्या प्रेक्षकाला लगेच कळेल. इंग्रजी न समजणाऱ्याला ते मागच्या रांगेतल्या निवृत्त मास्तरांच्या चेहऱ्यावरून कळू द्या. या एका प्रसंगात उपशीर्षके देऊ नका. वितरक आग्रह धरतील, पण तिथे नमते घेऊ नका.